हाडांतलं जन्मजात व्यंग आणि बालपणीचा कर्करोग : कुठे जोड आहे, कुठे नाही

शर्वरी_र

"बाळाला करंगळीशेजारी सहावं बोट आहे, कर्करोगाची तपासणी करावी का?" आणि "ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) निघालेल्या मुलाचा अंगठा जन्मापासून बारीक आहे, त्याचा काही संबंध?" हे दोन प्रश्न ऐकायला सारखे वाटतात. पहिल्याचं उत्तर जवळपास नेहमी 'नाही' असतं. दुसऱ्याचं उत्तर 'आजच तपासा, केमो सुरू व्हायच्या आधी' असं असतं. हा फरक पालकांना कुणी नीट सांगत नाही, आणि बऱ्याचदा डॉक्टरांच्याही घाईत निसटतो. म्हणून हा धागा.

आधी आकडे. २०१९ साली अमेरिकेतल्या चार राज्यांमधल्या सुमारे एक कोटी जन्मांच्या नोंदी कर्करोगाच्या नोंदींशी जुळवून पाहिल्या गेल्या. गुणसूत्रांचा दोष नाही पण शरीररचनेत जन्मजात व्यंग आहे अशा मुलांत कर्करोगाचं प्रमाण इतरांच्या अडीच पट निघालं. गुणसूत्रांचा दोष असलेल्या मुलांत ते साडेअकरा पटींच्या आसपास होतं. चार किंवा जास्त व्यंगं एकाच मुलात असतील तर जवळपास सहा पट.

'अडीच पट' वाचून पोटात गोळा येतो, म्हणून हिशेब मांडते. पंधरा वर्षांचं होईपर्यंत साधारण ५०० मुलांमागे एकाला कर्करोग होतो. अडीच पट म्हणजे २०० मागे एक. बाकीच्या १९९ मुलांना होत नाही. शिवाय ही सरासरी आहे. काही मोजक्या आजारांत धोका फार मोठा असतो आणि तेच सरासरी वर खेचतात. तिरकं पाऊल, करंगळीकडचं जादा बोट, जुळलेली दोन बोटं अशी एकेकटी व्यंगं त्या आकड्यात उगाच भरडली जातात.

जोड का असते, हे थोडक्यात. गर्भात हात, बरगड्या, मणके घडवताना पेशी झपाट्याने विभागतात. विभागणीला लगाम घालणारी आणि डीएनएची मोडतोड दुरुस्त करणारी जनुकं तेव्हाही कामाला असतात आणि पुढे आयुष्यभरही. ती जनुकं बिघडली की आधी हाडाचा आकार चुकतो आणि मग कधीतरी पेशी बेलगाम होते. हाड कर्करोग घडवत नाही, दोघांचं मूळ एक असतं.

माझं म्हणणं एवढंच की व्यंगं मोजत बसू नका, जोड्या बघा. अंगठा आणि रक्त. बरगडी आणि डोक्याचा घेर. नडगी आणि कातडीवरचे डाग. जाणकारांनी एकेका भागावर लिहावं. गुणसूत्र सर, अंगठ्यापासून सुरुवात कराल का?

---

गुणसूत्र

करतो. या सगळ्या विषयात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती अंगठ्याची ठेवा.

कोपराखाली दोन हाडं असतात. अंगठ्याच्या बाजूचं ते रेडियस. गर्भात अंगठा आणि रेडियस एकाच पट्ट्यातून घडतात, म्हणून बिघडतातही बरोबर. रेडियस आखूड किंवा गायब दिसलं की पुढचा प्रश्न एकच : अंगठा आहे का?

रेडियस नाही आणि अंगठाही नाही किंवा लोंबता आहे, तर फँकोनी अॅनिमिया (डीएनएची मोडतोड दुरुस्त न होणारा जन्मजात आजार, ज्यात पुढे ल्युकेमिया होऊ शकतो) समोर ठेवा. रेडियस नाही पण अंगठा शाबूत आहे आणि जन्मापासून प्लेटलेट कमी आहेत, तर तो टीएआर नावाचा वेगळा आजार. त्यात प्लेटलेट पहिल्या एक-दोन वर्षांत सावरत जातात आणि ल्युकेमिया क्वचितच होतो. एका अंगठ्यावरून वाट पूर्ण बदलते.

खरी अडचण सौम्य प्रकारांत आहे. पूर्ण गायब अंगठा कुणीही ओळखेल. बारीकसा फरक असा बघायचा : मुलाचे दोन्ही तळहात शेजारी ठेवा. अंगठ्याच्या बुडाशी जी मांसल गादी असते ती एका बाजूला सपाट आहे का? अंगठ्याच्या वरच्या सांध्यावर घडी पडते ती नाहीच का? घडी नसेल तर तो सांधा गर्भात कधी वाकलाच नाही. अंगठा बाकीच्या बोटांसारखा लांब, तीन पेरांचा आहे का? हे बघायला अर्धं मिनिट लागतं.

फँकोनीत सोबत काय सापडतं : वयाच्या मानाने उंची कमी, कॉफीच्या रंगाचे डाग, लहान डोळे, लहान डोकं, एकच किंवा जागा सोडलेली किंवा नालेच्या आकाराची किडनी. रक्तात सगळ्यात आधी बदलतो तो तांबड्या पेशींचा आकार, म्हणजे एमसीव्ही वाढतो. हिमोग्लोबिन पडायच्या कितीतरी आधी. म्हणून सीबीसीच्या (रक्तपेशींच्या मोजणीच्या) कागदावर फक्त हिमोग्लोबिनवर बोट ठेवून 'नॉर्मल' म्हणू नका.

आणि उलट बाजू : साधारण पाव ते एक-तृतीयांश मुलांमध्ये बाहेरून दिसणारं कोणतंही व्यंग नसतं. अंगठा छान आहे म्हणजे फँकोनी नाही, असा अर्थ काढता येत नाही.

---

अनघा_न

सर, फँकोनी ओळखायला करतात ती गुणसूत्र तुटण्याची चाचणी नेमकी कशी पाठवायची तेही लिहा ना. नमुना वाया जाण्याच्या तक्रारी खूप असतात.

---

गुणसूत्र

अनघाताई, बरोबर आहे, चाचणीपेक्षा नमुन्यातच जास्त घोटाळे होतात.

रक्त सोडियम हेपॅरिनच्या नळीत घ्यायचं. सीबीसीची ईडीटीए नळी चालत नाही, कारण इथे पेशी जिवंत राहून वाढायला हव्यात. नळी साध्या खोलीच्या तापमानाला ठेवायची, बर्फात अजिबात नाही. प्रयोगशाळेत एक-दोन दिवसांत पोचली पाहिजे, म्हणून सुट्टीच्या आदल्या दिवशी काढू नका. सोबत त्याच वेळी काढलेला एका निरोगी व्यक्तीचा नमुना पाठवावा लागेल का, हे आधी विचारून घ्या.

प्रयोगशाळेत लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या) पेशी साधारण तीन दिवस वाढवतात आणि त्यात डीईबी किंवा मायटोमायसिन-सी घालतात. ही रसायनं डीएनएचे दोन धागे एकमेकांना चिकटवतात. निरोगी पेशी ते सोडवून घेते. फँकोनीची पेशी सोडवू शकत नाही, मग गुणसूत्रं तुटतात आणि तुटकी टोकं भलत्याच गुणसूत्राला जोडली जाऊन चांदणीसारखे आकार होतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते मोजतात.

बिघडतं कुठे : पांढऱ्या पेशी फारच कमी असतील तर वाढच होत नाही आणि अहवाल 'अनिर्णित' येतो. तो 'नकारात्मक' म्हणून वाचू नका, नमुना परत पाठवा.

दुसरी फसवणूक जास्त वाईट. काही मुलांत रक्ताच्या एखाद्या मूळ पेशीत जनुक आपोआप दुरुस्त होतं आणि तिची पिल्लावळ रक्तात पसरते. मग रक्ताची चाचणी साफ येते आणि बाकीच्या शरीरात आजार तसाच असतो. अंगठा, डाग, उंची सगळं फँकोनीकडे बोट दाखवत असेल आणि रक्त नाही म्हणत असेल, तर त्वचेचा छोटा तुकडा घेऊन फायब्रोब्लास्ट पेशींवर तीच चाचणी करायची. हा टप्पा गाळल्यामुळे निदान वर्षानुवर्षं लांबतं, याचं मला फार वाईट वाटतं.

---

प्राजक्त

अंगठ्यातच दोन आजार जोडतो.

तीन पेरांचा अंगठा आणि पहिल्या वर्षातच खोल अॅनिमिया, पण पांढऱ्या पेशी व प्लेटलेट ठीक : डायमंड-ब्लॅकफॅन. यात रायबोसोम घडवणारी जनुकं बिघडलेली असतात. पुढे ल्युकेमिया, हाडांचा ऑस्टिओसार्कोमा, मोठ्या आतड्याचा कर्करोग यांचा धोका वाढलेला असतो. तपासणीसाठी तांबड्या पेशींमधलं एडीए एन्झाइम मोजतात. ते रक्त चढवण्याआधी काढायचं. एकदा बाहेरचं रक्त चढलं की तुम्ही दात्याच्या पेशी मोजत बसता. तातडीत रक्त चढवावंच लागतं हे मान्य, पण सुई टोचतानाच आधीची एक नळी भरून बाजूला ठेवायला वेळ लागत नाही.

दुसरा रोथमंड-थॉमसन. इथे ओळख कातडीवरून. जन्मतः त्वचा स्वच्छ असते. तीन ते सहा महिन्यांत गालांवर लाली चढते, मग हातापायांवर पसरते आणि कातडी जाळीदार, चट्ट्याचट्ट्यांची होते. भुवया-पापण्या विरळ. सोबत अंगठा किंवा रेडियस आखूड असेल तर आरईसीक्यूएल४ जनुक तपासा. या जनुकाच्या दोषात ऑस्टिओसार्कोमा साधारण तिघांत एकापर्यंत जातो. म्हणून अशा मुलाचा गुडघा दुखला तर 'वाढीच्या कळा' म्हणून दोन महिने थांबायचं नाही. त्याच आठवड्यात दोन बाजूंनी एक्स-रे.

---

जाणीव

एक मूलभूत शंका. फँकोनी आहे हे आज कळलं काय आणि सहा महिन्यांनी कळलं काय, ल्युकेमिया झालाच असेल तर उपचार तोच ना?

---

गुणसूत्र

नाही, अजिबात नाही. या धाग्याचा सगळा जीव याच प्रश्नात आहे.

ज्या औषधांनी चाचणीत गुणसूत्रं तुटली, तीच जातकुळी केमोत वापरतात. सायक्लोफॉस्फामाइड, बुसल्फान, सिसप्लॅटिन ही डीएनए जोडणारी औषधं आणि किरणोत्सार, यांचा नेहमीचा डोस फँकोनीच्या मुलाला जीवघेणा ठरू शकतो. तोंड-आतडी सोलवटतात, हाडांतली रक्त घडवणारी मज्जा परत उठत नाही. बोन मॅरो प्रत्यारोपण करायचं असेल तर त्याआधीची तयारी वेगळी, खूप सौम्य ठेवावी लागते. हे आधी माहीत असेल तरच होतं.

आणखी एक जागा जिथे चूक महागात पडते : दाता. सख्ख्या भावंडाचं एचएलए (प्रत्यारोपणासाठी जुळवायच्या पेशींवरच्या खुणा) जुळलं की सगळ्यांना हायसं वाटतं. पण फँकोनी बहुतेक वेळा दोन्ही पालकांकडून येतो, म्हणजे प्रत्येक भावंडाला तो असण्याची शक्यता चारात एक. वर सांगितलंच, अनेकांना बाहेरून काहीच दिसत नाही. तेव्हा दात्या भावंडाचीही गुणसूत्र तुटण्याची चाचणी झाल्याशिवाय त्याची मज्जा घ्यायची नाही.

ल्युकेमिया नसलेल्या, फक्त फँकोनी असलेल्या मुलासाठी : तीन-सहा महिन्यांनी सीबीसी, वर्षातून एकदा मज्जेची तपासणी, साधारण दहाव्या वर्षापासून तोंड-घशाची नियमित तपासणी, कारण या लोकांना तोंडाचा कर्करोग तरुणपणीच गाठतो. एचपीव्हीची लस वेळेवर. बीआरसीए२ जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेला उपप्रकार सर्वांत आक्रमक, त्यात पाच वर्षांच्या आतच ल्युकेमिया, किडनीची विल्म्स गाठ किंवा मेंदूतली मेड्युलोब्लास्टोमा होऊ शकते. त्यांचं वेळापत्रक वेगळं लागतं.

---

अनघा_न

यात एक भर. मणका, गुदद्वार, हृदय, अन्ननलिका, किडनी आणि हात अशी व्यंगं एकत्र आली की 'व्हॅक्टरल' असं नाव देऊन फाइल बंद होते. व्हॅक्टरल हे निदान नाही, ती एकत्र दिसणाऱ्या गोष्टींची यादी आहे. त्यात अंगठा किंवा रेडियस असेल, किंवा डोक्यात पाणी साठलेलं असेल, तर आधी फँकोनी नाही हे सिद्ध करा आणि मगच ते नाव द्या.

---

क्षकिरण

आता बरगड्या. इथे भीती आणि पुरावा यांचं प्रमाण सगळ्यात जास्त विस्कटलेलं आहे, म्हणून सावकाश लिहितो.

१९९२ साली जर्मनीतून आलेल्या एका अभ्यासात कर्करोग झालेल्या १,००० मुलांचे आणि इतर २०० मुलांचे छातीचे एक्स-रे तपासले. पहिल्या गटात सुमारे २२ टक्के मुलांत बरगड्यांत काहीतरी वेगळं होतं, दुसऱ्यात साडेपाच टक्के. मोठा फरक. २००५ मध्ये डच गटाने जास्त मोठ्या तुलना-गटासह तेच पाहिलं तेव्हा फरक बराच अरुंद झाला. मानेची बरगडी मात्र काही गटांत, उदाहरणार्थ लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात, थोडी जास्त दिसली.

असं का होतं? ज्या मुलाचे दहा एक्स-रे निघतात त्याच्यात काही ना काही सापडतंच. वाचणाऱ्याला मूल कुठल्या गटातलं हे माहीत असेल तर नजर आपोआप शोधते. आणि 'मानेची बरगडी' कशाला म्हणायचं यावर सगळं अवलंबून असतं. सातव्या मणक्याची आडवी दांडी जरा लांब असली की कुणी ती बरगडी धरतं, कुणी नाही.

वाचायची पद्धत सांगतो, म्हणजे निदान इथे तरी एकच मोजमाप राहील. मानेच्या सातव्या मणक्याच्या आडव्या दांड्या खाली झुकलेल्या असतात. छातीच्या पहिल्या मणक्याच्या दांड्या वर उचललेल्या असतात. आधी तो खाली-वर बदल शोधा. खाली झुकलेल्या दांडीला स्वतंत्र सांध्याने हाड जोडलेलं असेल तर ती मानेची बरगडी. सांधा नसेल, नुसतीच लांब दांडी असेल तर ती बरगडी नाही. खालून मोजायला सुरुवात केलीत तर हमखास चुकाल, कारण बाराव्या बरगड्या छातीच्या एक्स-रेत बऱ्याचदा कापल्या जातात आणि अकराच जोड्या असलेली निरोगी मुलंही पुष्कळ असतात.

---

शर्वरी_र

क्षकिरण, यामागचा जीवशास्त्राचा युक्तिवाद मला पटण्यासारखा वाटतो. सस्तन प्राण्यांत जिराफापासून उंदरापर्यंत मानेचे मणके सातच. अपवाद फक्त स्लॉथ आणि मॅनॅटी. १९९९ साली फ्रित्सन गॅलिस यांनी मांडलं की हा आकडा हलत नाही कारण तो ठरवणारी हॉक्स जनुकं त्याच काळात इतर अवयवांचीही मांडणी करत असतात. तिथे गडबड झाली की नुसती जादा बरगडी येत नाही, सोबत इतर दोष आणि बालकर्करोगाची शक्यताही येते. मृत जन्मलेल्या गर्भांत मानेच्या बरगड्या फार जास्त दिसतात, हेही याला धरूनच आहे.

---

क्षकिरण

युक्तिवाद सुंदर आहे आणि मी तो फेटाळत नाही. पण उत्क्रांतीतल्या लाखो पिढ्यांसाठी खरी असलेली गोष्ट समोरच्या एका मुलासाठी चाचणी ठरत नाही. मानेची बरगडी अनेक निरोगी लोकांतही असते. एकटी सापडली तर ना रक्त तपासायचं, ना स्कॅन. अहवालात नोंद करायची एवढंच, कारण मोठेपणी हाताला मुंग्या आल्या तर ती नोंद कामाला येते.

दुभंगलेली बरगडी मात्र वेगळी. पुढच्या टोकाला फाटा फुटून इंग्रजी वाय अक्षरासारखी दिसणारी, बहुधा तिसरी ते पाचवी. हीसुद्धा एकटी असली तर बहुतेक निरुपद्रवी. पण सोबत डोक्याचा घेर मोठा, कपाळ पुढे, डोळ्यांत अंतर जास्त, मणके जुळलेले किंवा पालकांपैकी कुणाला तरुण वयात जबड्यात सिस्ट (पोकळ गाठी) किंवा त्वचेचे बेसल सेल कर्करोग झालेले, असं काही असेल तर गॉर्लिन सिंड्रोमचा (त्वचेच्या आणि मेंदूच्या गाठींचा धोका वाढवणाऱ्या जनुकीय आजाराचा) विचार करायचा.

गॉर्लिनमध्ये बालपणीचा धोका मेड्युलोब्लास्टोमाचा, आणि तोही मुख्यतः पहिल्या तीन वर्षांत. पीटीसीएच१ जनुकाचा दोष असेल तर शंभरात दोघांपेक्षा कमी मुलांना. एसयूएफयू जनुकाचा असेल तर धोका कितीतरी पटींनी मोठा. म्हणून एसयूएफयू असलेल्या मुलाचा मेंदूचा एमआरआय तीन वर्षांपर्यंत दर चार महिन्यांनी आणि पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी करतात. पीटीसीएच१ मध्ये एवढा मारा करत नाहीत.

आता उलट बाजूने. तीन वर्षांच्या आतलं मूल मेड्युलोब्लास्टोमा घेऊन आलं. शिरेत मोठी नळी बसवली की तिची जागा बघायला छातीचा एक्स-रे निघतोच. सगळे नळीचं टोक बघतात आणि फिल्म बाजूला ठेवतात. तीच फिल्म परत लावा आणि बरगड्या मोजा. गॉर्लिनच्या मुलाला डोक्याला आणि मणक्याला किरणोत्सार दिला तर काही वर्षांत नेमक्या त्या पट्ट्यात बेसल सेल कर्करोगांचं पीक येतं. एक दुभंगलेली बरगडी वेळेवर दिसली तर किरणोत्साराचा आराखडा आखायच्या आधी जनुक चाचणी होऊ शकते.

---

प्राजक्त

नडगीवर मी लिहितो.

बाळाची नडगी वाकडी आहे. कोणत्या दिशेला? मागे आणि आत वाकलेली असेल तर बहुतेक आपोआप सरळ होत जाते, पायाच्या लांबीतला फरक तेवढा बघत राहायचा. पुढे आणि बाहेर वाकलेली असेल तर मुलाचे कपडे काढून उजेडात कातडी बघा. पाच मिलिमीटरपेक्षा मोठे, कॉफीच्या रंगाचे सहा किंवा जास्त डाग असतील तर न्यूरोफायब्रोमॅटोसिस-१ (एनएफ-१, नसांवर गाठी आणणारा जनुकीय आजार) चा संशय पक्का होत जातो. लहान बाळात डाग पुसट असतात, पहिल्या वर्षात गडद होतात, म्हणून आज चार दिसले तर सहा महिन्यांनी परत मोजा. काखेतले बारीक ठिपके उशिरा येतात.

ही नडगी स्वतः कर्करोगात बदलत नाही. ती फक्त आजाराची पाटी आहे. कर्करोगाचा धोका दुसरीकडे : डोळ्याच्या नसेवरची ग्लायोमा गाठ, पुढे नसांच्या आवरणाच्या घातक गाठी, क्वचित लहान वयातला एक विशिष्ट ल्युकेमिया. म्हणून साधारण आठ वर्षांपर्यंत दर वर्षी डोळ्यांची पूर्ण तपासणी. तक्रार नसताना सरसकट एमआरआय बहुतेक ठिकाणी करत नाहीत. उंचीचा तक्ता मात्र भरत राहा : अचानक उंची वाढायला लागली, वयात लवकर येतंय असं वाटलं, तर ते डोळ्याच्या नसेजवळच्या गाठीचं लक्षण असू शकतं.

आणि हाडाच्या बाबतीत एक कळकळीची विनंती. पुढे-बाहेर वाकलेली नडगी 'सरळ करून टाकू' म्हणून कापायची नाही. हे हाड एकदा तुटलं किंवा कापलं की जुळत नाही, तिथे खोटा सांधा तयार होतो आणि मग ऑपरेशनवर ऑपरेशन. चालायला लागायच्या सुमारास पूर्ण पोटरीला धरणारा ब्रेस आणि हाडांची वाढ पुरी होईपर्यंत तो सांभाळणं, हाच मार्ग.

---

जाणीव

डाग आहेत पण घरात कुणालाच नाहीत, तर?

---

प्राजक्त

एनएफ-१ च्या जवळपास अर्ध्या मुलांत बदल नव्यानेच झालेला असतो, त्यामुळे घरात कुणी नसणं नेहमीचंच. पण डाग आहेत, आईवडील नात्यातले आहेत, आणि भावंडाला मेंदूची गाठ किंवा लहान वयात आतड्याचा कर्करोग झालेला आहे, अशी जुळवणी असेल तर डीएनएच्या चुका दुरुस्त करणाऱ्या जनुकांच्या दोन्ही प्रती बिघडण्याचा आजार बघावा लागतो. तो दिसतो एनएफ-१ सारखा आणि त्याहून फार घातक असतो.

---

अनघा_न

एक पाय लांब किंवा शरीराची एक बाजू मोठी, यावर कुणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते. हाडांच्या डॉक्टरांकडे ही मुलं 'पायाची लांबी कमी-जास्त' म्हणून जातात आणि पोटाची सोनोग्राफी राहून जाते.

पहिला प्रश्न : एक बाजू मोठी आहे की दुसरी बारीक आहे? बारीक असेल, मूल एकूणच खुजं आणि अशक्त असेल, तर दिशा वेगळी. मोठी असेल तर जीभ, गाल, हात, पाय सगळं त्याच बाजूचं बघा. गुडघ्याच्या वाटीपासून खाली ठरावीक अंतरावर, दोन्ही पायांवर त्याच ठिकाणी खूण करून पोटरीचा घेर टेपने मोजा. अंदाजाने मोजलेला घेर दर वेळी वेगळा येतो.

मोठी जीभ, बेंबीचा हर्निया, कानाच्या पाळीवर चिरा किंवा खळगे, जन्मतः साखर उतरणं : यातलं काही असेल तर बेकविथ-वाइडेमान हा अतिवाढीचा आजार. यात विल्म्स गाठ आणि यकृतातली हेपॅटोब्लास्टोमा यांचा धोका असतो. काहीच सोबत नसताना नुसती एक बाजू मोठी असली तरी १९९८ च्या एका पाहणीत १६८ मुलांपैकी सुमारे सहा टक्क्यांना गाठ झाली होती, म्हणून त्यांनाही मोकळं सोडत नाहीत.

तपासणी : सातवा वाढदिवस होईपर्यंत दर तीन महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी. तीन महिनेच का, तर विल्म्स गाठ झपाट्याने वाढते. सहा महिन्यांचं अंतर ठेवलं तर मधल्या काळात ती मोठी होऊन बसते. एखादी तारीख चुकली तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच आठवड्यात करून घ्या.

रक्तातलं एएफपी (यकृताच्या गाठीत वाढणारं एक प्रथिन) हेपॅटोब्लास्टोमासाठी अमेरिकेत सुरुवातीच्या वर्षांत मोजतात, युरोपातली सहमती सरसकट मोजायला सांगत नाही. मोजत असाल तर एक गोष्ट पक्की समजून घ्या : नवजात बाळाचं एएफपी मुळातच हजारोंनी असतं आणि पहिल्या वर्षात उतरत जातं. बेकविथच्या मुलांत ते आणखी जास्त असतं आणि सावकाश उतरतं. मोठ्यांच्या तक्त्याशी ताडून अहवालावर 'अतिशय जास्त' असा शिक्का येतो आणि घरात रडारड होते. एकटा आकडा बघू नका, उतार बघा. उतरणारा आकडा परत चढला तर काही आठवड्यांत पुन्हा मोजा आणि सोनोग्राफी करा.

जनुक चाचणी रक्तात साफ आली तरी आजार नाकारता येत नाही. बदल शरीराच्या काही भागातच असू शकतो. आणि मोठ्या पायावर वाइनच्या रंगाचा डाग व फुगलेल्या शिरा असतील तर तो क्लिपेल-ट्रेनाउने, त्यात विल्म्सचा धोका सर्वसाधारण मुलांपेक्षा फारसा वेगळा नसतो.

---

क्षकिरण

त्रिकास्थी, म्हणजे माकडहाडाच्या वरचं हाड. एक्स-रेत ते एका बाजूने खाल्ल्यासारखं, कोयत्याच्या पात्यासारखं वळलेलं दिसलं आणि मुलाला जन्मापासून बद्धकोष्ठ असेल तर करारिनो त्रयी. तिसरी गोष्ट म्हणजे त्रिकास्थीच्या पुढे असलेली गाठ : टेराटोमा (निरनिराळ्या ऊती मिसळलेली गाठ), किंवा मज्जारज्जूच्या आवरणाचा फुगा, किंवा दोन्ही. टेराटोमा बहुतेक साधा असतो, क्वचित घातक होतो.

धोका निदानाच्या वाटेतच आहे. जन्मापासूनचं बद्धकोष्ठ म्हटलं की हर्शस्प्रंगसाठी (आतड्याच्या भिंतीत नसांच्या पेशी नसण्याच्या आजारासाठी) गुदाशयाचा तुकडा घ्यायचा विचार होतो. त्रिकास्थी न बघता सुई त्या फुग्यात गेली तर मेंदूज्वर. आधी त्रिकास्थीचा एक्स-रे, तो वाकडा दिसला तर एमआरआय, मगच तुकडा. आजार एमएनएक्स१ जनुकाचा, एका पालकाकडूनही येतो, आणि त्या पालकाला कधी काही त्रास झालेलाच नसतो. म्हणून आईवडिलांच्याही त्रिकास्थीचा एक्स-रे काढतात. अर्थात आई गरोदर नाही ना, हे विचारून.

नवजात बाळाच्या माकडहाडाला चिकटलेली टेराटोमा काढताना माकडहाडही गाठीसोबतच काढावं लागतं. ते ठेवलं तर गाठ परत येण्याचं प्रमाण फार वाढतं. ऑपरेशनच्या कागदावर 'कॉक्सिक्स काढलं' हे लिहिलेलं आहे का, ते घरी जाण्याआधी वाचून घ्या.

---

जाणीव

अंगावर हाडाच्या अनेक गाठी येतात, वडिलांनाही असतात. त्याचं?

---

प्राजक्त

ईएक्सटी१ किंवा ईएक्सटी२ जनुकाचा आजार. घातक बदल साधारण शंभरात एक ते पाच जणांना, आणि तोही बहुधा मोठेपणी. मुलांमध्ये त्रासाचं कारण वेगळं असतं : गाठ नसेवर दाबते, मनगट वाकतं. वाढ थांबल्यावरही एखादी गाठ मोठी व्हायला लागली किंवा नव्याने दुखायला लागली तर एमआरआयवर तिच्यावरच्या कूर्चेची जाडी मोजायची. हाडाच्या आत अनेक कूर्चागाठी असणारे ओलिए आणि माफुची हे वेगळे आजार, त्यांत धोका कितीतरी जास्त. दोन्हींची नावं एकमेकांत मिसळू देऊ नका.

---

अनघा_न

पाठवणीच्या चिठ्ठीबद्दल. 'हाताचं व्यंग आहे, कृपया तपासा' अशा चिठ्ठीवर समोरचा डॉक्टर काहीच करू शकत नाही. असं लिहा :

"वय ४ वर्षं. उजवा अंगठा बारीक, वरच्या सांध्यावर घडी नाही, बुडाची गादी सपाट. रेडियसचा एक्स-रे सोबत. उंची तक्त्यात सगळ्यात खालच्या रेषेखाली. डाग ३, सर्वांत मोठा १२ मिमी. एमसीव्ही ९८, प्लेटलेट ९५,०००. डावी किडनी दिसली नाही. रक्त अजून चढवलेलं नाही. पालक मामे-आते नात्यातले. फँकोनीसाठी गुणसूत्र तुटण्याची चाचणी हवी. तोवर अनावश्यक सीटी टाळावा."

ही चिठ्ठी नमुन्यादाखल आहे. 'रक्त अजून चढवलेलं नाही' हे वाक्य मुद्दाम ठेवलंय, प्राजक्त यांच्या मुद्द्यासाठी.

---

शर्वरी_र

सीटीचा उल्लेख आला म्हणून विचारते. किरणांची भीती घालून कुणी गरजेचा एक्स-रेही टाळेल, त्याचं काय?

---

क्षकिरण

टाळू नये. हाताचा किंवा छातीचा एक साधा एक्स-रे अगदी कमी किरणांचा असतो, फँकोनी किंवा गॉर्लिनच्या मुलालाही गरज असेल तर काढायचा. टाळायचे ते दोन प्रकार : 'बघू तरी' म्हणून काढलेला सगळ्या सांगाड्याचा संच, आणि जिथे सोनोग्राफी किंवा एमआरआय पुरतो तिथला सीटी. गॉर्लिनमध्ये जबड्यातल्या सिस्ट बघायला काढायचा दातांचा पॅनोरामिक एक्स-रे कधी सुरू करायचा आणि किती अंतराने, हे दंतवैद्याशी बोलून आधीच ठरवून ठेवा, म्हणजे तो दर भेटीत निघत नाही.

---

गुणसूत्र

अनघाताई, चिठ्ठी उत्तम. एक दुरुस्ती सुचवतो. त्यात भावंडं किती आणि त्यांची वयं, हेही टाका. चाचणी सकारात्मक आली तर पुढचा फोन भावंडांच्या नमुन्यांसाठीच असतो, आणि धाकट्या भावंडाला अंगठ्याचं काहीच नसेल तर त्याला कुणी आणत नाही. आणि एमसीव्ही ९८ लिहिलाय त्यापुढे वयाची मर्यादा कंसात लिहा. चार वर्षांच्या मुलाला ९८ जास्त आहे, पण मोठ्यांच्या तक्त्यात तो नॉर्मलमध्ये बसतो आणि छापील अहवालावर खूणही येत नाही.

---

अनघा_न

दोन्ही घातलं. भावंडांची ओळ एमसीव्हीच्या वर टाकली आहे.